क्यूजीआयएस बसवून संगणकावर चंद्र कसा पाहावा

चंद्राच्या किंवा मंगळाच्या पृष्ठभागाची माहिती नकाशाच्या रूपात पाहण्यासाठी क्यूजीआयएस हे मुक्त आणि विनामूल्य सॉफ्टवेअर पुरेसे आहे. अधिकृत संकेतस्थळावर दोन आवृत्त्या दिसतात. त्यांपैकी दीर्घकाळ आधार मिळणारी, म्हणजे एलटीआर, निवडावी. नव्या सोयींपेक्षा स्थैर्य महत्त्वाचे.

विंडोजसाठीची फाईल 1 जीबीहून मोठी असते. रत्नागिरीकडे आषाढात दिवसातून चार वेळा वीज जाते आणि विजेपाठोपाठ टॉवरची रेंजही जाते, त्यामुळे तुटलेले डाउनलोड जिथे थांबले तिथूनच पुढे चालू करणारा डाउनलोड मॅनेजर आधी घ्यावा आणि काम रात्री लावावे. अर्धवट उतरलेली फाईल कधीकधी पूर्ण वाटते आणि बसवताना मध्येच अडते. म्हणून कमांड प्रॉम्प्टमध्ये सर्टयूटिल या विंडोजमधल्याच आज्ञेने तिचा एसएचए-256 आकडा, म्हणजे फाईलच्या मजकुरावरून निघणारी तिची ओळखखूण, काढून संकेतस्थळावरील आकड्याशी ताडून पाहावा. बाकी बसवणे म्हणजे ‘नेक्स्ट’ दाबत जाणे, त्यात सांगण्यासारखे काही नाही.

आता माहिती. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण विभागाच्या ॲस्ट्रोपीडिया या ऑनलाइन नकाशासंग्रहावर लोला या लेसर उंचीमापकाने बनवलेला चंद्राचा उंची-नकाशा मिळतो. त्यातील एक पिक्सेल 118 मीटरचा असून फाईल सुमारे 8 जीबीची आहे. एवढा डेटा परवडत नसेल, तर मंगळाचा मोला (तिथला तसाच लेसर उंचीमापक) नकाशा सुमारे 2 जीबीत मिळतो आणि सरावाला तोही चालतो. फाईल क्यूजीआयएसमध्ये ओढून टाकावी आणि थराच्या ‘प्रॉपर्टीज’मधून ‘पिरॅमिड्स’, म्हणजे नकाशाच्या कमी तपशिलाच्या प्रती, बांधून घ्यावेत, नाहीतर साधा लॅपटॉप प्रत्येक झूमला रेंगाळतो. हे बांधकाम वेळखाऊ आहे. बॅटरी पूर्ण भरल्याशिवाय सुरू करू नये. नंतर ‘सिंबॉलॉजी’त ‘हिलशेड’ (उंचसखलपणानुसार छायाप्रकाश) निवडले की विवरांच्या कडा उठून दिसतात.

खरी काळजी निर्देशांक प्रणालीची, म्हणजे अक्षांश-रेखांश कोणत्या गोलावरचे मानायचे ते ठरवणाऱ्या मांडणीची, घ्यावी लागते. चंद्राचा नकाशा उघडल्यावर प्रकल्पाची प्रणाली ‘आयएयू_2015:30100’ अशी ठेवावी. शोधपट्टीत नुसते 30100 लिहिले तरी ती सापडते. मंगळासाठी आकडा 49900 आहे. मी एकदा चंद्रावरील टायको विवराच्या काठांचे अक्षांश-रेखांश सीएसव्ही (स्वल्पविरामांनी विभागलेल्या तक्त्याच्या) फाईलमधून आणले आणि ती आणण्याच्या खिडकीत आधीपासून भरलेली पृथ्वीची प्रणाली, म्हणजे 4326, तशीच राहू दिली. मोजपट्टीने विवराचा व्यास 310 किलोमीटरच्या आसपास दाखवला, म्हणजे जवळपास रत्नागिरी ते मुंबई रस्त्याने जावे तेवढा! प्रत्यक्षात तो सुमारे 85 किलोमीटर आहे. चंद्राची त्रिज्या 1737.4 किलोमीटर असल्याने तिथला विषुववृत्तावरचा एक अंश सुमारे 30 किलोमीटरचा भरतो, तर पृथ्वीवरचा 111 किलोमीटरचा. सॉफ्टवेअरने पृथ्वीचा हिशेब लावला होता.

म्हणून नकाशा तयार झाल्यावर पहिले मोजमाप टायकोचेच करावे. खालच्या पट्टीत कर्सरचे अक्षांश-रेखांश दिसतात. दक्षिणेकडे 43 आणि पश्चिमेकडे 11 अंशांच्या जवळ ते विवर आहे. मोजपट्टीने 85च्या आसपासचा आकडा दाखवला, तर जुळणी बरोबर झाली आहे.