बॉनेटखाली लोंबकळणारा पाइप नेमका कुठला?

जुनी पद्मिनी नाहीतर अँबेसेडर घेतलीत आणि बॉनेटखाली एखादा पाइप सुटलेला दिसला तर लगेच बूच मारू नका, आधी टोकाचा वास घ्या, पेट्रोलचा आला तर स्टार्टर मारायचाच नाही. आतून ऑइलने चिकट असेल तर बहुतेक ब्रीदर, म्हणजे इंजिनातली वाफ बाहेर काढणारा पाइप, टॅपेट कव्हरकडून (इंजिनाच्या वरच्या झाकणाकडून) एअर क्लीनरला जाणारा. कार्बोरेटरपासून डिस्ट्रिब्युटरच्या (प्लगना ठिणगी वाटणाऱ्या भागाच्या) चपट्या डबीकडे जाणारी बारीक नळी म्हणजे व्हॅक्यूम ॲडव्हान्स, इंजिनाच्या हवेच्या ओढीने ठिणगी जरा लवकर पाडणारी, हिची ओढ आयडलला बऱ्याचदा नसते, रेस दिल्यावर बोटाला जाणवते. ही सुटली की ॲव्हरेज घसरतं, अर्ध्या रेसवर गाडी मंद वाटते. नाशिकचे जुने मिस्त्री तर रबरावरचा क्लिपचा वळ बघूनच जोडीचा निपल (पाइप बसतो ते तोंड) शोधतात!