ग्रीन कार्डची फाइल सुरू असताना अमेरिकेला फिरायला जाताय? या चुका टाळा

लग्न पुण्यात झालं, जोडीदार न्यू जर्सीला परत गेला, त्याने आय-१३० (जोडीदाराच्या ग्रीन कार्डसाठीचा पहिला अर्ज, म्हणजेच पिटिशन) भरला आणि पावतीही आली. पुढे नुसती वाट बघणं. मग घरातलं कोणीतरी म्हणतं, "तोवर टुरिस्ट व्हिसावर जाऊन ये ना!" जाता येतं. पिटिशन चालू असताना पर्यटक व्हिसा मिळणारच नाही, असा नियम नाही. पासपोर्टवर आधीचा दहा वर्षांचा बी-१/बी-२ (पर्यटक) व्हिसा असेल, तर तोही पिटिशनमुळे आपोआप रद्द होत नाही. घोळ होतो तो पुढच्या गोष्टींनी. (जोडीदार एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असेल तर तुमचा रस्ता एच-४ या जोडीदाराच्या व्हिसाचा, हे सगळं तुमच्यासाठी नाही.)

पिटिशन लपवणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच, आणि ती बहुतेक वेळा कोणाच्या तरी 'अनुभवी' सल्ल्याने होते. डीएस-१६० या व्हिसाच्या अर्जाच्या फॉर्ममध्ये सरळ प्रश्न असतो: तुमच्यासाठी कोणी इमिग्रंट पिटिशन दाखल केलंय का? नवरा किंवा बायको अमेरिकेत आहे का, हेही विचारतात. इथे 'नाही' लिहायचं, मुलाखतीत "मैत्रिणीकडे चाललेय" म्हणायचं, असं सांगणारे काका प्रत्येक सोसायटीत एक तरी असतात. पण ज्या सरकारकडे पिटिशन पडलंय, त्याच सरकारचा अधिकारी तुमचा फॉर्म वाचत असतो. मुद्दाम खोटं सांगितल्याचा ठपका बसला तर प्रवेशबंदी कायमची असते. ती उठवायला वेगळा माफीचा अर्ज करावा लागतो आणि तो मंजूर होईलच असं नाही. म्हणजे चार आठवड्यांच्या सहलीपायी ग्रीन कार्डच अडकतं.

"फॉर्म एजंटने भरला होता" ही सबब चालत नाही. सबमिट करण्याआधी प्रत्येक पान स्वतः वाचा. सही तुमचीच धरली जाते.

परत येण्याचं कारण तयार नसणं

अमेरिकेच्या इमिग्रेशन कायद्याचं कलम २१४(बी) अधिकाऱ्याला असं धरून चालायला सांगतं की समोरचा माणूस कायमचा राहायलाच चाललाय. तसं नाही हे पटवण्याची जबाबदारी तुमची. त्यात तुमच्या नावाने पिटिशन, म्हणजे कधीतरी तिकडे स्थायिक व्हायचंय हे लेखी कबूलच केलेलं. म्हणून "मला अमेरिकेत राहायचंच नाहीये" असलं काही बोलू नका, कोणाला पटणार? खरं आहे तेच सांगा: कायमचं जाणं इमिग्रंट व्हिसा मिळाल्यावर, आत्ता तीन आठवडे भेटून परत.

त्याला आधार हवा. हिंजवडीतली चालू नोकरी आणि मंजूर रजेचं पत्र, अर्धवट असलेला कोर्स, तोंडावर आलेली परीक्षा. कोथरूडचा फ्लॅट आईवडिलांच्या नावावर असेल तर त्याचं वजन फारसं पडत नाही. आणि जाडजूड फाइल नेली तरी अधिकारी ती उघडेलच असं नाही, त्यामुळे दोन वाक्यांत सांगता आलं पाहिजे. नुकताच राजीनामा दिला असेल तर माझ्या मते आत्ता अर्जच करू नका. फी परत मिळत नाही.

नकार आला तरी हातपाय गाळू नका. २१४(बी) चा नकार कायमचा नसतो आणि त्याने आय-१३० ला धक्का लागत नाही. मात्र पुढच्या अर्जात तो नमूद करावा लागतो.

विमानतळाला गृहीत धरणं

व्हिसा म्हणजे दारापर्यंत जायची परवानगी. आत घ्यायचं की नाही हे इमिग्रेशन अधिकारी ठरवतो. अबू धाबीमार्गे जात असाल तर ही तपासणी तिथेच, अमेरिकेचं विमान पकडण्याआधी होते. तीन आठवड्यांसाठी निघालेल्या माणसाच्या बॅगेत सगळ्या मूळ पदव्या, लग्नाचा अल्बम, कुकर आणि वर्षभराचा गोडा मसाला निघाला तर प्रश्न येणारच. फोनही तपासू शकतात; नोकरी शोधण्याबद्दलचं किंवा "आता परत येत नाही" असं चॅट वाचलं जाऊ शकतं. परतीचं तिकीट आणि रजेचं पत्र हातातल्या बॅगेत ठेवा. अधिकाऱ्याला खात्री पटली नाही तर नशीब बरं असल्यास परत फिरू देतात, नाहीतर तातडीने परत पाठवण्याचा आदेश निघतो आणि पाच वर्षं बंदी लागते.

ऑफिसचा लॅपटॉप नेऊन "तिथून वर्क फ्रॉम होम करीन" हेही टाळा. पर्यटक व्हिसा कामासाठी नसतो. रजा म्हणजे रजा.

तारखांचा गोंधळ

व्हिसावरची तारीख म्हणजे राहण्याची मुदत नव्हे. मुदत आय-९४ या प्रवेशाच्या नोंदीवर असते, साधारण सहा महिन्यांची. पोहोचल्यावर ती ऑनलाइन बघून घ्या. एक दिवस जरी जास्त राहिलात तरी तो व्हिसा बाद होतो. मुदत संपल्यावर १८० दिवसांहून जास्त राहून बाहेर पडलात तर तीन वर्षांची बंदी, एक वर्ष किंवा अधिक झालं तर दहा वर्षांची.

"जाऊ, आणि तिथेच स्टेटस बदलून ग्रीन कार्ड घेऊ" असं ठरवूनच निघणं ही तर पहिल्या चुकीचीच दुसरी बाजू: पर्यटक म्हणून आत शिरताना हेतू वेगळा होता. तिथे गेल्यावर खरोखरच परिस्थिती बदलली तर आधी इमिग्रेशन वकिलाला गाठा, मेव्हण्याला नव्हे. जोडीदार नागरिक आहे की ग्रीन कार्डधारक, यावर उत्तर बरंच बदलतं.

पिटिशन मंजूर होऊन फाइल एनव्हीसीकडे (नॅशनल व्हिसा सेंटर, मुलाखतीआधी कागदपत्रं गोळा करणारं कार्यालय) पोहोचली असेल तर तिकीट काढण्याआधी ईमेल आणि स्पॅम फोल्डर दोन्ही बघा. पुण्याच्या लोकांची इमिग्रंट व्हिसाची मुलाखत मुंबईला बीकेसीत होते, त्याआधी ठरलेल्या डॉक्टरांकडे मेडिकल असतं, आणि पोलिस क्लिअरन्स सर्टिफिकेटसाठी पासपोर्ट सेवा केंद्राची वेळ घ्यावी लागते. मुलाखतीचं पत्र यायची चिन्हं असतील तर सहल पुढे ढकला आणि तिकिटाचे पैसे वाचवा.