पूर-स्वयंसेवक व्हायचंय? आधी भोयांच्या घरी राहून या

पावसाळा तोंडावर आला की बेळगाव, निपाणी, चिकोडीकडची पोरंपोरी विचारू लागतात, पुराच्या कामात उतरायचं तर तयारी काय करायची? पोहणं, दोराच्या गाठी, प्रथमोपचार तुम्ही शिकालच, ते इथे उगाळत नाही. मी सांगतेय ते नदीकाठी मासेमारी करणाऱ्या भोयांच्या घरात राहून शिकण्याबद्दल. 2019 आणि 2021 चे पूर बघितल्यावर माझं मत पक्कं झालंय. एका दिवसाचं शिबिर, लाइफ जॅकेट घालून फोटो आणि हातात प्रमाणपत्र, एवढ्या शिदोरीवर पाण्यात उतरणारा माणूस गावाच्या डोक्याला आणखी एक काळजी लावतो. असं शिबिर कोणी घेत असेल तर जा जरूर, पण त्यावर थांबू नका.

आता मुख्य गोष्ट. हिच्यात जवळजवळ प्रत्येक नवा माणूस अडकतो, आम्हीही अडकलो होतो, म्हणून जरा लांबण लावून सांगते.

चिकोडी तालुक्यातल्या कल्लोळजवळ दूधगंगा कृष्णेला मिळते. वरच्या अंगाला कृष्णेवर असलेल्या राजापूर बंधाऱ्यावरून किती पाणी सुटलं, दूधगंगेतून किती आलं, दोन्ही मिळून कल्लोळला किती क्युसेक (म्हणजे सेकंदाला किती घनफूट) झालं, हे आकडे पावसाळ्यात सगळ्यांच्या मोबाइलवर फिरत असतात. नवा स्वयंसेवक आकडा वाचतो आणि थेट घाटावर जाऊन उभा राहतो. किती पायऱ्या बुडाल्या, किती उरल्या, यावर त्याचं सगळं लक्ष. पण आमच्या भागातल्या कितीतरी गावांत पाणी आधी घाटानं येतच नाही. कृष्णा तुडुंब भरली की दूधगंगेचं पाणी पुढं सरकत नाही, ते मागं तुंबतं. ओढ्यांचं तर विचारूच नका. एरवी जो ओढा नदीला मिळतो, त्याच ओढ्यातून नदी उलटी गावामागं शिरते. या फुगवट्याला आवाज नसतो, लाट नसते. ते पाणी उसातून पसरत जातं, आणि जुलै-ऑगस्टमधला ऊस माणसाच्या डोक्यावर गेलेला, त्यामुळं रस्त्यावरून बघणाऱ्याला काही दिसत नाही. घाटाच्या वरच्या पायऱ्या कोरड्या असतात आणि तिकडं मागचा रस्ता ओढ्याच्या मोरीपाशी, म्हणजे रस्त्याखालून ओढा जातो त्या छोट्या पुलापाशी, पाण्याखाली गेलेला असतो. रस्ता गेला की वस्ती तुटली. 2021 च्या जुलैमध्ये आमची सगळी माणसं घाटाकडं होती आणि मागची वस्ती आधी तुटली.

भोयाच्या घरात हे कोणाला शिकवावं लागत नाही. पहिल्या पुराला मासा अंडी घालायला उथळ पाण्याकडं, ओढ्यात, शेतात चढतो. चढणीचे मासे धरायचे तर जाळं पाण्याच्या वाटेवर लागतं, आणि पाणी कुठल्या वाटेनं आधी शिरतं हे ठाऊक नसेल तर जाळं रिकामं. मी ज्यांच्याकडं राहिले ते मामा कोरड्या ओढ्यात उभे राहून म्हणाले, "पाणी नदीतनं येत न्हाई गं पोरी, हितनं येतंय." म्हणून वैशाखात जा, ओढा कोरडा असताना. त्यांच्याबरोबर ओढ्यातून चाला आणि विचारा, आधी कुठली मोरी जाते, मग कुणाचं शेत, मग कुठली गल्ली. तो क्रम वहीत लिहून घ्या. किती फूट पाणी, हे त्या वेळी नाही विचारलं तरी चालेल. क्रम मात्र विचाराच. कल्लोळ-यडूर, मलिकवाड-दत्तवाड, कारदगा-भोज, अक्कोळ-सिदनाळ, जत्राट-भिवशी हे बंधारे पावसाळ्यात पाण्याखाली जातात हे तुम्हाला पेपरात कळेल. गल्लीचा क्रम पेपरात येत नाही.

राहण्याचं सोपं आहे, घाबरू नका. सोप्यात अंथरूण मिळतं, भाकरी आणि माशाचं कालवण मिळतं. एका घरी मराठी, शेजारच्या अंबिगेरांच्या, म्हणजे कन्नड नावाड्यांच्या, घरी कन्नड, भिंतीवर अंबिगर चौडय्यांचा फोटो. बाराव्या शतकातले हे वचनकार, म्हणजे कन्नड वचनं रचणारे संत, स्वतः नावाडी होते, त्यांच्याबद्दल विचारलंत तर गप्पा आपोआप सुरू होतात. राहण्या-जेवणाचे पैसे आधी ठरवा आणि घरातल्या बाईच्या हातात द्या. "पाहुण्याकडनं कुठं पैसे घ्यायचे" असं म्हणतील, तरी द्या. पावसाळ्यात नदी चढली की मासेमारी बंद पडते, तेव्हा त्या घराचं कसं चालतं याचा विचार करा. मुलींनी जोडीनं राहावं.

गुरू कोणाला करायचं, यावर माझं ठाम मत आहे. सगळे नावाड्याच्या मागं लागतात. तुम्ही मासे विकायला दारोदार जाणाऱ्या मावशीबरोबर फिरा. कुठल्या घरात म्हातारं माणूस अंथरुणाला खिळलंय, कोणाची सून बाळंतीण आहे, कोण म्हशी सोडून हलणार नाही, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक नसतं. पुरात माणसं घरासाठी तेवढी अडत नाहीत, जनावरांसाठी अडतात. म्हशीची सोय आधी झाली तर धनी मुकाट्यानं ट्रॅक्टरमध्ये बसतो. 

नावेबद्दल मात्र कडक सांगते. मामा हसले तरी जॅकेट घातल्याशिवाय चढायचं नाही. कृष्णेत मगरी आहेत. वाळू उपशाच्या खड्ड्यांमुळं गुडघाभर पाण्यात पुढचं पाऊल थेट खोल जातं. हौसेनं पोहायला उतरणार असाल तर हे काम तुमचं नाही. पुरात नाव उसावरून चालते तेव्हा विजेच्या तारा हाताला लागतील इतक्या खाली आलेल्या असतात, म्हणून कुठली तार कुठं झुकलीय हे उन्हाळ्यातच बघून ठेवा. इंजिनाच्या बोटीचा पंखा उसात अडकतो. तिथं बांबूनं रेटायची नाव लागते, आणि ती चालवणारा त्याच घरातला असतो. त्याच्या पुढं नाही, मागं बसा. पहिल्या वर्षी एवढं केलंत तरी भरपूर झालं. सगळं यायलाच पाहिजे असं काही नाही.

परत आल्यावर ओळख सुटू देऊ नका. मामांचा आणि मावशीचा नंबर वहीच्या पहिल्या पानावर हवा. राजापूरचा आकडा वाढू लागला की घाटावर धावण्याआधी त्यांना फोन लावा. मोरीवर पाणी आलं असं ते म्हणाले, तर लगेच ग्रामपंचायतीला आणि तहसीलदार कार्यालयाला कळवा, आणि मागच्या गल्लीतली जनावरं हलवायला ट्रॅक्टर बोलवा.