लाकूडतोडीच्या दिवसांत बिबा उतू नये म्हणून

पावसाळ्यापूर्वी सरपण साठवण्याची आणि भातखाचरांत राब (पसरलेल्या फांद्या व पालापाचोळ्याचा थर) भाजण्याची कामे फाल्गुन-चैत्रात एकदमच अंगावर येतात, आणि याच दिवसांत कोकणात व सह्याद्रीच्या पट्ट्यात हातांवर, मानेवर बिबा उतल्याच्या, म्हणजे बिब्याच्या झाडाचा चीक लागून पुरळ उठल्याच्या तक्रारी येतात. एरवी वीतभराहून लांब, रुंद पानांवरून बिब्याचे झाड ओळखता येते. पानगळीनंतर मात्र नुसत्या खोडावरून ते लवकर लक्षात येत नाही. शंका असल्यास सालीला कोयत्याची हलकी खाच द्यावी आणि हात न लावता थोडा वेळ थांबावे. बिब्याचा चीक हवा लागताच गडद होत जातो, व खाचेच्या कडेला आणि कोयत्याच्या पात्यावर काळा डाग धरतो. असे झाड सरपणासाठी तोडूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

बिबा, काजू आणि आंबा ही एकाच कुळातील झाडे असून अमेरिकेतील पॉयझन आयव्ही ही वेलही त्याच कुळातली आहे. त्यामुळे तेथे घरामागची झाडे तोडणाऱ्या आपल्या माणसांनीही हीच काळजी घ्यावी. लाकूड वाळले म्हणून चीक निरुपद्रवी होत नाही. तो कोयत्याच्या मुठीवर, दोरावर, कपड्यांवर अनेक महिने टिकतो. कापडी हातमोज्यांतून तो आत झिरपतो, म्हणून जाड विनाइलचे मोजे आणि पूर्ण बाह्यांचा सदरा वापरावा.

चीक लागल्यास पहिली दहा-पंधरा मिनिटे महत्त्वाची असतात. साबण लावून भरपूर थंड, वाहत्या पाण्याने ती जागा धुवावी, नखांखालीही साफ करावे. गरम पाणी वापरू नये, आणि धुण्याआधी खोबरेल चोळू नये, कारण तेलाबरोबर चीक आणखी पसरतो. कपडे घरातल्या इतर कपड्यांत न मिसळता वेगळे धुवावेत आणि हत्यारेही साबणाने स्वच्छ करावीत.

पुरळ बहुधा एक-दोन दिवसांनी उठते. ज्यांना पूर्वी कधी चीक लागलेला नाही, त्यांना आठवडाभरानंतरही उठू शकते. फोडांतील पाण्यामुळे ते पसरते, हा समज चुकीचा आहे: जेथे चीक कमी लागला तेथे पुरळ उशिरा दिसते, एवढेच. फोड फोडू नयेत, गार पाण्यात भिजवलेले कापड ठेवावे, कॅलामाइन लावावे. दोन-तीन आठवड्यांत ते बरे होते.

सर्वांत मोठा धोका धुराचा आहे. राबात किंवा चुलीत बिब्याचे लाकूड जाळल्यास चिकाचा अंश धुराबरोबर डोळ्यांत, घशात, फुप्फुसांत जातो. म्हणून कवळ (राबासाठी तोडलेल्या फांद्या) रचतानाच बिब्याच्या फांद्या बाजूला काढाव्यात. धुरानंतर धाप लागली, चेहरा किंवा डोळे सुजले, फोडांत पू झाला किंवा ताप आला, तर घरगुती उपायांत वेळ न घालवता त्याच दिवशी दवाखाना गाठावा आणि कोणत्या लाकडाचे काम केले होते, हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.