शिवसागर जलाशयात ट्रेलरवरून जेट स्की कशी उतरवावी

कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयात स्वतःची जेट स्की उतरवायची असेल, तर कामाचा मोठा भाग उतारापासून दूर, सपाट जागेवरच संपवावा. बामणोली, तापोळा अशा गावांत पाण्याकडे जाणारी वाट ही पलीकडच्या वाड्यावस्त्यांची रोजची वाट असते. तिथून लॉन्च (प्रवासी मोटरबोटी) सुटतात आणि त्यांतून माणसे बाजाराला, दवाखान्याला जातात. अशा वाटेवर गाडी आडवी लावून पट्टे सोडत बसणे कोणत्याही सबबीवर योग्य नाही.

जलाशय जलसंपदा विभागाच्या अखत्यारीत असून काठाचा बराच भाग कोयना अभयारण्याचा आहे, त्यामुळे संबंधित कार्यालयांची परवानगी घेऊनच साताऱ्याहून निघावे. अंतर्देशीय जलयान कायदा, २०२१ नुसार यांत्रिक जलयानाची नोंदणीही आवश्यक आहे.

काठावर पोहोचल्यावर आधी पायी उतरून पाणी पाहावे. या धरणाची साठवण क्षमता १०५.२५ टीएमसी (अब्ज घनफूट) आहे. पावसाळ्यानंतर भरलेला जलाशय उन्हाळ्यापर्यंत इतका खाली जातो, की जिथे पक्का उतार पाण्यात शिरत होता तिथे पुढे नुसता गाळ उरतो. ट्रेलरची चाके त्या गाळात गेली तर गाडी स्वतःच्या बळावर वर येत नाही. म्हणून काठीने तळ चाचपावा आणि पक्का भाग जिथे संपतो ती जागा मनात पक्की करावी.

तयारीत सर्वात महत्त्वाचे म्हणजे निचऱ्याची बुचे. ती बहुतेक जेट स्कींना मागच्या बाजूला, खाली, दोन असतात. त्यांतले एक जरी सैल राहिले तरी पाणी आत भरते आणि ते बराच वेळ लक्षात येत नाही. त्यानंतर मागचे पट्टे सोडावेत, ट्रेलरच्या दिव्यांची वायर काढावी, जेट स्कीच्या पुढच्या कडीला लांब दोर बांधावा आणि लाइफ जॅकेट तिथेच अंगावर चढवावे. विंचचा (ट्रेलरच्या पुढच्या टोकावरील ओढचरखीचा) पट्टा व पुढची साखळी मात्र अजिबात सोडू नये, कारण उतारावर जेट स्की मागे घसरून काँक्रीटवर आदळण्यापासून तेवढाच आधार असतो.

ट्रेलर मागे घेण्याचे कौशल्य पाहायचे असेल तर साखर कारखान्याच्या आवारात उसाची दुचाकी ट्रॉली रिव्हर्स घेणारा ट्रॅक्टरचालक पाहावा: तो स्टेअरिंग थोडेच फिरवतो आणि लगेच सरळ करतो. जेट स्कीचा ट्रेलर त्या ट्रॉलीहून आखूड असल्याने फार लवकर वळतो. हात स्टेअरिंगच्या खालच्या भागावर ठेवावा; मग ट्रेलर ज्या बाजूला न्यायचा त्याच बाजूला हात सरकवावा लागतो. ट्रेलर तिरका झाला तर हट्ट न करता गाडी पुढे घेऊन, सरळ करून पुन्हा मागे यावे. सोबतच्या माणसाने बाजूला, चालकाला आरशात दिसेल असे उभे राहावे. ट्रेलरच्या मागे कधीही उभे राहू नये.

जेट स्कीचा मागचा भाग तरंगू लागला की थांबावे, हँडब्रेक ओढावा, गाडी बंद करून गिअरमध्ये ठेवावी आणि चाकांखाली लाकडी गुटके लावावेत. मग दोर हातात धरून साखळी व विंचचा पट्टा सोडावा आणि जेट स्की हळूच मागे ढकलावी. ती बाजूला ओढून धरली की ट्रेलर लगेच वर नेऊन वाट मोकळी करावी.

इंजिन सुरू करण्याची घाई येथे सर्वात महागात पडते. जेट स्कीला पुढे ढकलणारा जेट पंप तिच्या बुडाखालून पाणी ओढतो, त्यामुळे उथळ पाण्यात खडे, गाळ व वनस्पती आत जाऊन पंपाचा पंखा खराब होतो. किमान कमरेइतक्या पाण्यात जेट स्की न्यावी, पेट्रोलची वाफ निघून जावी म्हणून सीट क्षणभर उघडावी, सुरक्षा दोरी (चालक पाण्यात पडल्यास इंजिन बंद करणारी) मनगटाला किंवा जॅकेटला अडकवावी आणि मगच इंजिन सुरू करावे. काठापासून बरेच दूर जाईपर्यंत वेग अगदी कमी ठेवावा, कारण काठालगत मासेमारांची जाळी आणि पाण्याखाली गेलेल्या झाडांचे बुंधे असू शकतात.

इंजिनाचा आवाज वाढूनही वेग वाढत नसेल, तर पंपाच्या तोंडावरच्या जाळीत काहीतरी अडकले आहे असे समजावे. अशा वेळी इंजिन बंद करून, सुरक्षा दोरी काढून, जेट स्की पुन्हा काठाशी आणावी आणि त्यानंतरच जाळीला हात लावावा.