अन्ननलिकेचे विकार आणि रक्तातून पसरणारा हेपटायटिस : शोधनिबंध कसा वाचावा

अन्ननलिकेच्या विकारांवरचा किंवा रक्त चढवल्यानंतर होणाऱ्या हेपटायटिसवरचा शोधनिबंध हाती आला की बहुतेक वाचक सारांश वाचतात, त्यातली टक्केवारी लक्षात ठेवतात आणि तिथेच थांबतात. ही सवय मोडायला हवी. कोणाला मोजले, काय घडल्यावर ‘घडले’ असे मानले आणि किती काळ पाहिले, या तीन निर्णयांतून टक्केवारी तयार होते आणि हे निर्णय निष्कर्षाच्या ओळीत दिसत नाहीत. म्हणून सारांश संपताच ‘पद्धती’ हा विभाग उघडावा, या तीन प्रश्नांची उत्तरे कागदावर उतरवून घ्यावीत आणि मगच निकालांकडे वळावे.

हे दोन विषय एकत्र घेण्यामागे कारण आहे. हेपटायटिस बी किंवा सी दीर्घकाळ राहिला तर यकृताचा सिरोसिस (यकृतात व्रण पडून ते कडक होणे) होऊ शकतो, सिरोसिसमुळे अन्ननलिकेतील शिरा फुगतात, त्या फुटल्या की रक्तस्राव होतो आणि अशा रुग्णाला पुन्हा रक्तच चढवावे लागते. शिवाय वाचन शिकायलाही ही जोडी सोयीची आहे. अन्ननलिकेच्या संशोधनात बरेच काही रुग्णाच्या सांगण्यावर मोजले जाते, तर हेपटायटिसच्या संशोधनात जवळजवळ सगळे रक्ताच्या नमुन्यावर. दोन्हीकडे फसगत होते, पण वेगवेगळ्या ठिकाणी.

यशाची व्याख्या आधी शोधावी

अॅकलेशिया या विकारात अन्ननलिकेच्या खालच्या टोकाची झडप गिळताना सैल पडत नाही आणि अन्न पुढे ढकलणारी लाटही हरवते, त्यामुळे घास छातीतच अडकून राहतो. यावर फुग्याने झडप ताणणे, दुर्बिणीतून पोटावाटे शस्त्रक्रिया करून झडपेचा स्नायू छेदणे आणि तोंडावाटे एंडोस्कोप घालून आतूनच स्नायू छेदणे असे तीन प्रमुख उपचार आहेत. तिसऱ्या पद्धतीला पोएम म्हणतात. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या युरोपीय चाचणीत २०१ रुग्ण होते. दोन वर्षांनी फुग्याच्या गटात ८६ टक्के आणि शस्त्रक्रियेच्या गटात ९० टक्के रुग्णांमध्ये उपचार यशस्वी ठरला, आणि हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकला नाही. २०१९ साली फुग्याची तुलना पोएमशी झाली. त्यातही दोन वर्षांनीच मोजणी केली होती, पण तिथे फुग्याचे यश ५४ टक्के आणि पोएमचे ९२ टक्के निघाले.

आठ वर्षांत फुगा बिघडला नव्हता. पहिल्या चाचणीत लक्षणे परतलेल्या रुग्णाला ठरलेल्या मर्यादेत पुन्हा फुगा घालण्याची मुभा होती आणि त्यानंतर तो बरा राहिला तर तो यशातच गणला जाई. दुसऱ्या चाचणीत सुरुवातीला ३० मिलिमीटरचा आणि गरज पडली तर ३५ मिलिमीटरचा फुगा वापरला गेला, आणि त्यापुढे कोणताही उपचार पुन्हा करावा लागला तर ते अपयश धरले गेले. दोन्ही व्याख्या आपापल्या जागी योग्य आहेत. प्रश्न इतकाच, की वाचणाऱ्याला काय जाणून घ्यायचे आहे. ‘एकदाच उपचार करून काम भागेल का’ असे विचारायचे असेल तर दुसरा आकडा उपयोगी आहे. ‘लागेल तेव्हा पुन्हा फुगा घालू, पण शस्त्रक्रिया टाळता येईल का’ असे विचारायचे असेल तर पहिला. त्याच २०१९ च्या निबंधात आणखी एक ओळ आहे, जी बातम्यांत सहसा येत नाही. दोन वर्षांनी एंडोस्कोपी झालेल्या रुग्णांपैकी आम्लामुळे अन्ननलिकेला सूज आलेल्यांचे प्रमाण पोएमच्या गटात ४१ टक्के होते आणि फुग्याच्या गटात ७ टक्के. यशाच्या व्याख्येत आम्लाची सूज मोजलेलीच नव्हती, त्यामुळे ती वेगळ्या तक्त्यात जाऊन बसली. म्हणून दुष्परिणामांचा तक्ता निकालाच्या तक्त्याइतकाच सावकाश वाचावा.

आता ‘यश’ ज्या मापाने ठरले ते जवळून पाहू. या चाचण्यांत एकार्ट गुणांक वापरतात. गिळण्याचा त्रास, अन्न उलटून वर येणे, छातीत दुखणे आणि वजन घटणे या चार बाबींना प्रत्येकी शून्य ते तीन असे गुण देऊन बेरीज करतात. बेरीज तीन किंवा त्याहून कमी असेल तर उपचार यशस्वी. गिळण्याचा त्रास रोज होत असेल तर दोन गुण, प्रत्येक जेवणाला होत असेल तर तीन. याचा अर्थ असा, की ज्याला प्रत्येक जेवणाला गिळताना त्रास होतो, पण वजन घटत नाही, छाती दुखत नाही आणि अन्न वर येत नाही, अशा रुग्णाची बेरीज तीनच होते आणि कागदावर तो ‘यशस्वी’ ठरतो. असे रुग्ण थोडेच असतील हे खरे, पण एकत्रित गुणांक दिसला की त्याचे भाग वेगळे करून पाहण्याची सवय लावून घ्यावी. चांगल्या निबंधात प्रत्येक लक्षणाचे आकडे स्वतंत्र दिलेले असतात. मुख्य मजकुरात सापडले नाहीत तर पुरवणी तक्त्यांत शोधावे. बेरियम पाजून काढलेल्या एक्स-रेत अन्नाचा स्तंभ किती उंच उरला आणि मॅनोमेट्रीत (अन्ननलिकेतील दाब मोजणाऱ्या तपासणीत) झडपेचा दाब किती आला, ही मोजमापे गुणांकाशी जुळतात का, हेही पाहावे.

पेशी कमी झाल्या, पण रुग्णाला बरे वाटले का

इओसिनोफिलिक इसोफॅजायटिस या अॅलर्जीशी संबंधित विकाराचे निदान करताना लक्षणांच्या जोडीला बायोप्सी घेतात आणि सूक्ष्मदर्शकाच्या एका उच्चक्षमतेच्या क्षेत्रात किमान १५ इओसिनोफिल (अॅलर्जीत वाढणाऱ्या एका प्रकारच्या पांढऱ्या) पेशी आहेत का हे पाहतात. पेशी मोजता येतात, म्हणून औषधाचे यशही पेशींवरच मोजण्याचा मोह होतो. बेनरालिझुमॅब या औषधाच्या २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीने हा मोह किती महागात पडू शकतो ते दाखवले. २४ आठवड्यांनी औषध घेणाऱ्यांपैकी सुमारे ८७ टक्के रुग्णांच्या ऊतीतील पेशी ठरलेल्या मर्यादेखाली आल्या, प्लासिबो (औषधासारखे दिसणारे पण औषध नसलेले) घेणाऱ्यांत हे प्रमाण सात टक्क्यांच्याही आत होते. तरीही गिळण्याच्या त्रासात दोन गटांत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. फक्त पेशींचा तक्ता वाचणाऱ्याला हे औषध रामबाण वाटले असते. याच आजारासाठी अमेरिकेत २०२२ साली मान्यता मिळालेल्या डुपिलुमॅबच्या चाचण्यांत मात्र पेशी आणि लक्षणे ही दोन्ही मुख्य उद्दिष्टे ठेवली होती. निबंधात मुख्य उद्दिष्ट कोणते ठेवले आहे हे म्हणूनच आधी तपासावे, आणि ते प्रयोगशाळेतील माप असेल तर लक्षणांचा आकडा मुद्दाम शोधावा.

रक्तातून आलेला हेपटायटिस : ‘झाला’ हे ठरवले कसे

या भागात सर्वांत जास्त वेळ घालवावा, कारण जुने आणि नवे निबंध एकच शब्द वापरतात, पण मोजतात वेगवेगळ्या गोष्टी.

१९७० पूर्वी अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्य संस्थेत हृदयाची शस्त्रक्रिया झालेल्या आणि अनेक पिशव्या रक्त मिळालेल्या रुग्णांपैकी सुमारे एकतृतीयांश रुग्णांना हेपटायटिस होत असे. १९७० च्या सुमारास पैसे घेऊन रक्त देणाऱ्यांकडून रक्त घेणे थांबले आणि हेपटायटिस बी विषाणूच्या पृष्ठभागावरील प्रतिजनाची चाचणी सुरू झाली. त्यानंतर प्रमाण दहा टक्क्यांच्या आसपास आले. दोन्ही बदल जवळपास एकाच वेळी झाल्यामुळे घसरणीचे श्रेय वाटून देताना जपून राहावे. आधीचे-नंतरचे आकडे शेजारी मांडणाऱ्या कोणत्याही निबंधात, त्या दरम्यान आणखी काय बदलले, हा प्रश्न विचारावाच लागतो. १९७५ साली हार्वी ऑल्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले, की उरलेले बहुतेक रुग्ण हेपटायटिस एचेही नाहीत आणि बीचेही नाहीत. या आजाराला ‘नॉन-ए, नॉन-बी’ असे नाव पडले. सी विषाणू ओळखला गेला तो १९८९ मध्ये, आणि ऑल्टर, मायकेल हॉटन व चार्ल्स राइस यांना त्याबद्दल २०२० चे नोबेल मिळाले.

विषाणू माहीत नसताना हा आजार मोजला कसा? रक्त चढवण्याआधी एक नमुना घ्यायचा, त्यानंतर ठरावीक अंतराने काही महिने नमुने घेत राहायचे आणि एएलटी या यकृताच्या विकराची पातळी पाहायची. अनेक ठिकाणी हिलाच अजून एसजीपीटी म्हणतात. ती ठरलेल्या काळात ठरलेल्या पटीने वाढली, लगोलगच्या दुसऱ्या नमुन्यातही वाढलेलीच राहिली आणि दुसरे कारण सापडले नाही, तर हेपटायटिस धरायचा. या पद्धतीच्या दोन मर्यादा जुना निबंध वाचताना डोळ्यांसमोर ठेवाव्यात. औषधे, शस्त्रक्रियेनंतरचा कमी रक्तपुरवठा आणि मेदयुक्त यकृत यांमुळेही एएलटी वाढते, त्यामुळे काही खोटे रुग्ण मोजले जातात. आणि एएलटी फारशी न वाढताही संसर्ग होऊ शकतो, त्यामुळे काही खरे निसटतात. नमुने दर दोन आठवड्यांनी घेतले की दर दोन महिन्यांनी, यावरही आकडा हलतो, कारण लहानशी वाढ दोन भेटींच्या मधल्या काळात येऊन जाऊ शकते. हेपटायटिस सीमध्ये बहुतेकांना कावीळ दिसतच नाही. तेव्हा केवळ कावीळ झालेले रुग्ण मोजणारा निबंध संसर्गाचे प्रमाण सांगत नाही, त्याच्या वरच्या टोकाचे सांगतो.

नव्या निबंधांत प्रश्न वेगळा होतो. सी विषाणूचे प्रतिपिंड सापडले म्हणजे त्या माणसाला कधीतरी संसर्ग झाला होता इतकेच कळते. तो आज आहे का, हे विषाणूच्या आरएनए चाचणीनेच ठरते, कारण काही जणांच्या शरीरातून विषाणू आपोआप नाहीसा होतो आणि औषधाने बरे झाल्यावरही प्रतिपिंड राहतातच. ‘बाधित’ या शब्दाखाली निबंधाने यांपैकी काय धरले आहे ते तपासावे. संसर्ग झाल्यापासून प्रतिपिंड दिसेपर्यंत सुमारे दोन महिने जातात, तर विषाणूची जनुकीय सामग्री शोधणारी नॅट चाचणी हा काळ एक-दोन आठवड्यांवर आणते. या मधल्या काळाला विंडो पिरियड म्हणतात.

तपासणी इतकी बारीक झाल्यावर रक्तातून संसर्ग झालेला रुग्ण इतका दुर्मीळ होतो, की रक्त मिळालेल्यांचा पाठपुरावा करून प्रमाण मोजणे शक्यच राहत नाही. त्यामुळे ‘इतक्या लाख पिशव्यांमागे एक’ असा आकडा जिथे दिसतो तिथे तो बहुधा मोजलेला नसून काढलेला असतो : रक्तदात्यांत नवा संसर्ग किती वेगाने येतो, याला विंडो पिरियडने गुणून. गृहीतके कोणत्या रक्तदात्यांवरून घेतली आहेत, नियमित स्वेच्छादात्यांवरून की पहिल्यांदा आलेल्यांवरून, हे पाहिल्याशिवाय तो आकडा दुसऱ्या रक्तपेढीला लावू नये.

एखाद्या रुग्णाला रक्त मिळाले आणि पुढे हेपटायटिस सापडला, एवढ्यावरून तो रक्तातूनच आला असे सिद्ध होत नाही. पक्का पुरावा देणाऱ्या निबंधात रक्त चढवण्याआधीचा निर्दोष नमुना असतो, त्या पिशवीचा दाता शोधून त्याची पुन्हा तपासणी केलेली असते आणि दोघांच्या विषाणूंचा जनुकीय क्रम जुळवून पाहिलेला असतो. पहिलीच पायरी नसेल तर पुढचे सारे अंदाज आहेत, कारण सुई, डायलिसिस, शस्त्रक्रिया असे इतर मार्ग त्याच रुग्णालयात उघडे असतात.

तुलना कोणाशी केली

नॉन-ए, नॉन-बी हेपटायटिस झालेल्यांचे पुढे काय होते, हे पाहणारा एक अमेरिकी अभ्यास १९९२ साली प्रसिद्ध झाला. सरासरी १८ वर्षांनंतर हेपटायटिस झालेल्या गटातले ५१ टक्के रुग्ण दगावले होते. हा आकडा एकटा वाचला तर धडकी भरेल. पण ज्यांना रक्त मिळाले आणि हेपटायटिस झाला नाही अशा दोन तुलना गटांत मृत्यूचे प्रमाण ५२ आणि ५० टक्के होते, कारण रक्त लागणारे लोक मुळातच गंभीर आजारी असतात. यकृताच्या आजाराने झालेले मृत्यू मात्र पहिल्या गटात ३.३ टक्के आणि दुसऱ्या दोन गटांत १.१ व २.० टक्के होते. म्हणजे यकृताचा धोका खरा होता, पण त्या १८ वर्षांत तो एकूण मृत्यूंत उठून दिसण्याइतका मोठा नव्हता. हेपटायटिस सीपासून सिरोसिस व्हायला दोन-तीन दशके लागू शकतात, हे ध्यानात घेतले तर १८ वर्षे ही मुदतसुद्धा अपुरी पडते.

किती जणांमागे किती

आम्लाच्या दीर्घ त्रासाने अन्ननलिकेच्या खालच्या भागाचे अस्तर बदलते, त्या बॅरेट इसोफॅगस या अवस्थेतून कर्करोग होण्याचा धोका पूर्वी वर्षाला अर्धा टक्का सांगितला जाई. २०११ मध्ये डेन्मार्कच्या राष्ट्रीय नोंदींवरून ११,०२८ रुग्णांचा अभ्यास झाला तेव्हा हा दर वर्षाला ०.१२ टक्के निघाला, म्हणजे साधारण साडेआठशे रुग्णांमागे एक. छोट्या अभ्यासांत धोका जास्त आणि मोठ्यांत कमी दिसतो, हे २००० सालच्या एका विश्लेषणाने आधीच दाखवले होते. धोका ठळक दिसला की छोटा अभ्यासही छापला जातो, न दिसला तर मागे पडतो, हे त्याचे एक संभाव्य कारण.

अन्ननलिका आणि रक्त एकत्र येतात ती २०१३ ची स्पेनमधील चाचणी या दृष्टीने वाचण्याजोगी आहे. वरच्या पचनमार्गातून रक्तस्राव झालेल्या ९२१ रुग्णांपैकी एका गटाला हिमोग्लोबिन ७ ग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली गेल्यावरच रक्त दिले, दुसऱ्याला ९ च्या खाली गेल्यावर. सहा आठवड्यांनी पहिल्या गटातले ९५ टक्के आणि दुसऱ्यातले ९१ टक्के रुग्ण जिवंत होते. हाच निकाल ‘मृत्यूचा धोका ४५ टक्क्यांनी कमी’ असाही मांडता येतो आणि ‘शंभरांमागे चार मृत्यू कमी’ असाही. दोन्ही खरे, पण निर्णयासाठी दुसरा अधिक उपयोगी. आता वगळलेल्यांची यादी पाहा : ज्यांचा रक्तस्राव प्रचंड होता त्यांना या चाचणीत घेतलेच नव्हते आणि घेतलेल्या सर्वांची एंडोस्कोपी सहा तासांच्या आत झाली होती. जिथे रात्री एंडोस्कोपी होत नाही तिथे हा निकाल जसाच्या तसा लागू करता येणार नाही.

शेवटी चाचणीचा नोंदणी क्रमांक शोधावा. २००५ पासून प्रमुख वैद्यकीय नियतकालिके आधी नोंदवलेल्या चाचण्यांचेच निबंध स्वीकारतात, आणि अमेरिकी नोंदवहीतील क्रमांक ‘एनसीटी’ या अक्षरांनी सुरू होतो. क्रमांक टाकून मूळ नोंद उघडावी, तिच्यातील मुख्य उद्दिष्ट आणि मोजणीची मुदत निबंधाशी ताडून पाहावी, आणि नोंद कोणत्या तारखेला बदलली गेली तेही पाहावे. उद्दिष्ट रुग्ण घेऊन झाल्यावर बदललेले असेल आणि त्याचे कारण निबंधात दिलेले नसेल, तर त्या निबंधातील मुख्य आकडा बाजूला ठेवून मूळ उद्दिष्टाचा आकडा कुठल्या तक्त्यात आहे ते शोधून तोच वाचावा.