एआयने स्लाइड्स करताय? या चुका टाळा

ठाण्याच्या नौपाड्यात माझं छोटं काम आहे, लोकांची प्रेझेंटेशनं करून द्यायचं. हल्ली करून कमी, दुरुस्त करून जास्त. फोन नेहमी एकाच वाक्याने येतो, ‘सगळं तयार आहे हो, फक्त जरा नजर टाका.’ तयार म्हणजे काय, तर गॅमाला (हे स्लाइड्स करून देणारं एआय टूल) नाहीतर चॅटजीपीटीला एक ओळ दिली आणि चहाला उकळी येईपर्यंत बारा स्लाइड्स पडल्या. त्या इतक्या गुळगुळीत दिसतात की पाठवणाऱ्याने स्वतः एकदाही वाचलेल्या नसतात.

यात मीही तोंडावर आपटलोय. 16 एप्रिलला एका शाळेत पहिल्या रेल्वेवर कार्यक्रम होता. मजकूर मी कसून तपासला. एआयने पहिल्या खेपेला गाडी थेट कल्याणला नेली होती, ती मी ठाण्यात थांबवली. 1853, बोरीबंदर ते ठाणे, 34 किलोमीटर, 14 डबे, साहिब, सिंध आणि सुलतान ही तीन इंजिनं. सगळं चोख. चित्र मात्र एआयचंच ठेवलं: धूर सोडणारं इंजिन आणि मागे दिमाखात व्हीटीची, म्हणजे आताच्या सीएसएमटीची, इमारत.

पहिल्या रांगेतले एक निवृत्त रेल्वेवाले काका उठले. ‘अहो, ही इमारत 1853 साली कुठून आणलीत? काम सुरू झालं 1878 ला, पुरं व्हायला पुढची दहा वर्षं गेली.’ पोरं खिदळली. तेवढ्यात एका मुलीचं लक्ष फलाटावरच्या पाटीकडे गेलं. ‘ठाणे’ असायला हवं होतं तिथे ‘ठ’ला शेपूट फुटलेलं आणि डोक्यावर तीन मात्रा.

तेव्हापासून मी स्लाइड्स कागदावर छापतो, एका पानावर सहा. साल, आकडा, नाव दिसलं की पेनाने गोल, आणि शेजारी ते कुठून आलं ते लिहायचं. लिहिता आलं नाही तर ओळ उडवायची. चित्रात अक्षरं काढायला एआयला सांगायचंच नाही, ती वरून टेक्स्ट बॉक्समध्ये टाकायची. आणि ठाण्यातल्या मासुंदा तलावाचा फोटो हवा असेल तर पायात चप्पल घाला, जा आणि काढा. ‘तलाव, ठाणे’ लिहून मागाल तर उदयपूर मिळेल.

दुसरं माझं दुखणं फॉन्टचं. वेबवर केलेली फाइल पीपीटीत उतरवायची आणि दुसऱ्याच्या लॅपटॉपवर उघडायची, हे मराठीत महागात पडतं. तो फॉन्ट तिथे नसेल तर पॉवरपॉइंट मनानेच दुसरा लावतो. आपल्या वेलांट्या-उकारांना वर-खाली जागा लागते, ओळींची उंची बदलते आणि शेवटच्या दोन ओळी चौकटीबाहेर. वाशीतल्या एका सोसायटीच्या सभेत नेमका थकबाकीचा आकडाच असा खाली गेला. थकबाकीदार खूश. मी विंडोजवर निर्मला यूआय हा फॉन्ट वापरतो. दिसायला साधा आहे, पण असतोच. फाइल सेव्ह करताना फॉन्ट तिच्यातच बसवतो (एम्बेड करतो), आणि पेनड्राइव्हवर पीडीएफ वेगळी. श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये जुन्या फॉन्टने टाइप केलेलं इतिवृत्त तसंच पेस्ट करत असाल तर थांबा. ते युनिकोड नाही, म्हणजे कुठल्याही मशीनला मराठी म्हणून ओळखता येतील अशी ती अक्षरं नाहीत. एआयला तिथे नुसती इंग्रजी अक्षरांची भेळ दिसते, आणि गप्प बसण्याऐवजी ते अर्थ लावत बसतं. आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या.

सभासदांची नावं आणि मोबाइल नंबर असलेली एक्सेल फुकटच्या टूलमध्ये चढवू नका. का, ते विचारूही नका.

इंग्रजीत करून मग मराठी करायला सांगू नका. ‘आपल्या क्षमतेला अनलॉक करा’ असलं काहीतरी हातात येतं.

आणि ‘दहा स्लाइड्स दे’ म्हणण्याआधी पाच ओळी स्वतःच्या हाताने लिहा. पाच ओळी सुचत नसतील तर विषय अजून तुमच्याच डोक्यात आलेला नाही. नवशिक्यांना हे सांगितलं की ते म्हणतात, ‘मग एआयचा उपयोग काय?’ मी चहा मागवतो.

हो, शेवटची स्लाइडही वाचा. परवा एकाच्या स्लाइडवर एआयचा प्रश्न तसाच राहिला होता: ‘यात आणखी काही बदल करू का?’ मागच्या रांगेतून उत्तर आलं, ‘करा की!’